पासवर्डबाईंचा आवडता विषय

नवरा सुधारला, आणि बाईंना धास्ती बसली.

सुरुवात कपापासून झाली. एका सकाळी चहा पिऊन झाल्यावर नवऱ्याने कप टेबलावर तसाच न सोडता उचलला, बेसिनपाशी नेला, विसळला आणि पालथा घालून ठेवला. बाई डबा भरत होत्या. त्यांनी आधी कपाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. तो काही घडलंच नाही अशा चेहऱ्याने पेपर उघडून बसला होता. मुलगी झाली, मोठी झाली, तिचं लग्न होऊन ती परगावी गेली, पण एवढ्या काळात या माणसाने स्वतःचा कप कधी जागचा हलवला नव्हता. आज सूर्य कुठून उगवला कोण जाणे, असं मनात म्हणत बाई कामावर निघाल्या.

नवरा वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. दारू नाही, शिवीगाळ नाही, हात उगारणं तर नाहीच. कारखान्यात फिटर होता, आता निवृत्त. पंखा बिघडला तर सगळा खोलून पुन्हा बसवून देईल, पण त्याच पंख्यावरची धूळ त्याला जन्मात दिसायची नाही. घर आपोआप चालतं अशी त्याची पक्की समजूत होती. कप ठेवला की तो धुतला जातो, शर्ट फेकला की तो इस्त्री होऊन कपाटात जातो. दुपार झाली की स्वारी कोपऱ्यावरच्या टेलरच्या दुकानात स्टुलावर जाऊन बसे आणि दिवे लागेपर्यंत जगाच्या उचापती करी. त्याच्या तोंडात तीळ भिजत नसे. घरात सकाळी झालेली गोष्ट दुपारी टेलरला ठाऊक, आणि संध्याकाळी गिऱ्हाइकांना.

असा माणूस कप विसळायला लागला. मग वाळलेले कपडे काढून घड्या घालायला लागला, त्याही बऱ्यापैकी सरळ. एका संध्याकाळी तर बाई दमून येऊन टेकल्या तेव्हा पाण्याचा पेला पुढे करून म्हणाला, पाय दुखतात का गं तुझे? पाय कधीपासून दुखत होते. पण ते आजवर कोणी विचारलं नव्हतं. नक्कीच याला काहीतरी झालंय आणि हा लपवतोय. तो आंघोळीला गेला की त्या त्याच्या शर्टाचे खिसे चाचपत, डॉक्टरचा एखादा कागद सापडतो का बघत. सापडलं काय, तर टेलरच्या दुकानातलं एक बटण.

त्यात मुलीचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलली आणि ठेवता ठेवता एकदम म्हणाली, आई, काहीही झालं तरी मी तुझ्या बाजूने आहे. काय झालंय, असं बाईंनी विचारलं तर म्हणे काही नाही, सहज म्हटलं. झालं. म्हणजे पोरीलाही माहीत होतं. रात्रभर बाई नवऱ्याची चुळबुळ ऐकत पडून राहिल्या आणि सकाळी जड डोक्याने कामावर गेल्या.

बाईंचं काम डिजिटल वाचनालयात होतं. सरकारी इमारतीत, दाखले मिळण्याच्या खिडक्या ओलांडून मागे गेलं की जिन्याखाली ती खोली होती. पूर्वी तिथे कपाटं आणि पुस्तकं होती. मग कपाटं गेली आणि कॉम्प्युटर आले. उद्घाटनाला आलेल्या साहेबांनी एका कॉम्प्युटरवर थाप मारून सांगितलं होतं की आता सगळी पुस्तकं या डब्यात आहेत, लोक घरबसल्या वाचतील, खोलीत यायची गरजच उरणार नाही. साहेब निघून गेले आणि लोक येतच राहिले. का येत होते, ते साहेबांना कोण सांगणार? घरी बसायला कोपरा नाही. फोनवर अक्षरं मुंगीएवढी दिसतात. अर्ध्या पानावर रिचार्ज संपतो. आणि कित्येकांच्या हातातला फोन त्यांचा नसतोच, तो घरातल्या दुसऱ्या कुणाचा तरी असतो.

नियम असा होता की प्रत्येक वाचकाने स्वतःचं कार्ड काढायचं. त्यासाठी फोन नंबर द्यायचा, फोनवर आकडे येणार, ते विझायच्या आत इकडे टाकायचे, मग पासवर्ड ठरवायचा, त्यात एक अक्षर मोठं हवं, एक आकडा हवा आणि एक खूण हवी. पहिल्या आठवड्यात बाईंनी इमानेइतबारे सगळ्यांची कार्डं काढायचा प्रयत्न केला. घड्याळं दुरुस्त करणारे आजोबा चष्मा शोधेपर्यंत आकडे विझून जात. रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर पासवर्डाच्या मधोमध उठून पळे, कारण त्याला बोलावणं यायचं. पाळणाघरवालीने हौसेने लांबलचक पासवर्ड ठरवला आणि खुर्चीतून उठेपर्यंत विसरून गेली. शेवटी बाई कंटाळल्या. बसा हो, मीच सोडते तुम्हाला आत, म्हणाल्या आणि स्वतःच्या कार्डाचा नंबर टाकून मोकळ्या झाल्या. त्या दिवसापासून सगळी खोली बाईंच्या एका कार्डावर वाचत होती. लोक त्यांना पासवर्डबाई म्हणायला लागले. बाईंना त्याचं काही वाटलं नाही. दार उघडून देणाऱ्याला दारवान म्हणतात, तसंच ते.

त्यांचा स्वतःचाही एक नियम होता. खोलीतली टेबलं त्यांनी अशी फिरवून घेतली होती की त्यांच्या खुर्चीतून फक्त पडद्यांची पाठ दिसे. कोण काय वाचतंय ते बघायचं नाही. आजोबा मोठ्या अक्षरात जुनी मासिकं वाचतात, ड्रायव्हर प्रेमकथा वाचून डोळे पुसतो आणि पाळणाघरवाली पोरांना सांगायच्या गोष्टी आधी स्वतः वाचून हसते, हे त्यांना ठाऊक होतं, कारण ती माणसं आपणहून सांगत. कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर टेलरची बायको बसे. टेलर कापायचा आणि ही शिवायची. दुपारी तो जेवून आडवा झाला की ती नवीन गळे आणि कॉलर बघायला म्हणून येई, पेन्सिलीने कागदावर काहीतरी उतरवून घेई आणि लगबगीने परत जाई. बोलणं जेवढ्यास तेवढं. एकदा तिच्या मनगटाला फडकं बांधलेलं होतं. इस्त्री लागली म्हणाली. बाई म्हणाल्या, जपून गं बाई.

त्या सकाळी, डोकं जड झालेलं असताना, मुख्य कार्यालयातून एक मॅडम आल्या. वयाने बाईंच्या मुलीएवढ्या, खांद्याला लॅपटॉप, डोळ्यांखाली काळं. गावोगावच्या अशा खोल्या तपासत फिरायचं त्यांचं काम होतं आणि त्यांनाही ते आता पुरे झालेलं दिसत होतं. बाईंनी खुर्ची दिली. मॅडमनी लॅपटॉप उघडला आणि सांगितलं की कार्यालयाच्या हिशेबाने या वाचनालयात एकच वाचक आहे.

बाईंना हसू आलं. पण मॅडम हसल्या नाहीत. हा एकच वाचक म्हणे सकाळी जुनी मासिकं वाचतो, त्याच वेळी प्रेमकथा वाचतो आणि मधेच वाक्य अर्धं टाकून उठून जातो, पुन्हा त्याच वेळी हत्तीच्या आणि उंदराच्या गोष्टीही वाचतो. वरच्या लोकांना आधी वाटलं हे माणूस नसून यंत्र आहे. मग नंबर तपासला तर कार्ड बाईंचं निघालं. आता एकच वाचक असेल तर एवढे कॉम्प्युटर कशाला, ते दुसरीकडे हलवावेत असं वर चाललं आहे.

बाईंनी होतं ते सांगितलं. खोटं बोलायची ताकदही नव्हती त्या दिवशी. मॅडमनी डोळे मिटून घेतले. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, दुसऱ्या एका ठिकाणी शिपाई स्वतःच्या कार्डावर सगळ्यांना आत सोडतो, आणखी कुठे चहावाला सोडतो. तुमच्यावर कारवाई व्हावी अशी माझी इच्छा नाही, पण महिनाअखेरीपर्यंत प्रत्येकाचं वेगळं कार्ड निघायला हवं. तुमच्या कार्डावर फक्त तुम्ही. मग त्यांनी पाहणीचा प्रश्न विचारला, वाचकांना वाचनालयाकडून नेमकं काय हवं असतं, आणि उत्तरासाठी तयार पर्याय वाचायला लागल्या. अधिक वेग, अधिक पुस्तकं, अधिक सुविधा.

"बसायला जागा," बाई म्हणाल्या. "मोठी अक्षरं. आणि काय वाचताय म्हणून कुणी विचारायला नको."

शेवटचं या यादीत नाही, असं म्हणून मॅडमनी ते बाजूला कुठेतरी लिहून घेतलं. मग त्यांनी खोलीत कोणी ऐकत नाही ना ते पाहिलं आणि आवाज उतरवला.

"बाकीचं तुम्ही सांगितलंत तसं जुळतं. पण या कार्डावर सगळ्यात जास्त वाचलेला विषय वेगळाच आहे. घटस्फोट आणि पोटगी. रोज दुपारी हे कोण वाचतं?"

बाईंनी मनात माणसं मोजली. आजोबांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली. ड्रायव्हरचं अजून जमतच नव्हतं. पाळणाघरवाली दुपारी येऊच शकत नाही. उरला कोपरा. गळे आणि कॉलर, पेन्सिल, मनगटावरचं फडकं. इतके दिवस समोर बसलेली बाई आपल्याला दिसलीच नाही, याचं त्यांना एकदम वाईट वाटलं. आणि मॅडम बोटं कीबोर्डावर ठेवून नाव टाकायला थांबल्या होत्या.

"ते माझं," बाई म्हणाल्या.

मॅडमचा चेहरा मऊ झाला. त्यांनी बाईंच्या हातावर हात ठेवला आणि घरी सगळं ठीक ना, असं विचारलं. बाई म्हणाल्या, ठीक आहे. मॅडम चाचरत म्हणाल्या की तो मेसेज जाऊन तुम्हाला त्रास झाला नसला म्हणजे मिळवली. यंदापासून वर्ष संपताना प्रत्येक वाचकाला त्याच्या वाचनाबद्दल शुभेच्छा पाठवायची टूम निघाली होती. तुम्हालाही आला असेलच, म्हणून त्यांनी तो पडद्यावर काढून दाखवला. फुलांची चौकट, मधे रंगीत अक्षरं. अभिनंदन! यंदाचा तुमचा आवडता विषय: घटस्फोट आणि पोटगी. असेच वाचत राहा.

खाली ज्या फोनवर तो गेला त्याचा नंबर होता. नोकरीला लागल्या तेव्हा घरात एकच फोन होता, म्हणून बाईंनी कार्डाला नवऱ्याचा नंबर दिला होता.

मॅडम गेल्यावर बाई एकेक गोष्ट जुळवत गेल्या. कप. कपड्यांच्या घड्या. पाय दुखतात का गं. पोरीचं ते बाजूने असणं. एवढे दिवस आपण त्याच्या खिशात रोग शोधत होतो, आणि रोग आपणच होतो. आधी त्यांना असं हसू फुटलं की आजोबांनी मासिकातून मान वर काढली. मग राग आला. इतक्या वर्षांत कप उचलायला याला पोटगीचा मेसेज यावा लागला.

घरी गेल्या गेल्या सांगून टाकायचं, असं त्यांनी वाटेत ठरवलं होतं. अहो, ते माझं नाही, दुसऱ्याच एकीचं आहे, एवढं म्हटलं की झालं. पण दारातच नवरा भेटला तो टेलरच्या दुकानातून नुकताच आलेला. टेलर आज कसा भडकला होता, त्याच्या बायकोने गिऱ्हाइकासमोर उलट उत्तर दिल्यावर कात्री कशी आपटली, सगळं रंगवून सांगायला लागला. मग बाईंकडे पाहून गप्प झाला आणि भाजी निवडायला बसला. बाईंच्या ओठांवर आलेलं तिथेच राहिलं. दुसऱ्या एकीचं म्हटलं की कुणाचं असं तो विचारणार. नाही सांगितलं तरी स्टुलावर बसून अंदाज बांधणार, आणि अंदाज बांधायला सोबत टेलरच असणार. ती बाई त्या दुकानात दिवसभर कात्रीच्या अंतरावर बसते. बाईंनी हातपाय धुतले आणि काही न बोलता पोळपाट काढला.

पुढचे दिवस कार्डांच्या खटाटोपात गेले. आजोबांच्या बटणांच्या फोनवर आलेले आकडे बाईंनी इतक्या मोठ्याने वाचले की खिडकीवरच्या रांगेतल्या माणसांनाही पाठ झाले. ड्रायव्हर तीनदा उठून गेला आणि तीनदा परत आला. पाळणाघरवालीने पासवर्ड म्हणून पाळणाघरातल्या सर्वांत रडक्या पोराचं नाव ठेवलं, ते काही ती विसरणार नव्हती. एकेक जण स्वतःच्या कार्डावर गेला तसतसं बाईंच्या कार्डावर वाचणारं माणूस एकच उरलं.

टेलरची बायको दुपारी आली तेव्हा खोलीत दुसरं कोणी नव्हतं. कार्डांचं नवं फर्मान तिने बाहेरच कुणाकडून ऐकलेलं असावं. उभ्या उभ्याच म्हणाली की कार्ड काढायचं नाही, फोन दुकानाचा आहे, तो त्यांच्याकडे असतो. राहू द्या, मी आता यायची नाही.

"बस," बाई म्हणाल्या. "तुझं आहे तसंच चालू दे."

"पण तुमच्या कार्डावर फक्त तुम्ही ना?"

"मीच वाचतेय की. वरतीही तसंच सांगितलंय."

ती कोपऱ्यातल्या खुर्चीत टेकली. मग खाली मान घालून म्हणाली, "तुमचे हे दुकानात सांगत होते, पोटगीच्या वाचनाचा मेसेज आलाय, तुम्ही त्यांना सोडून चाललात म्हणून. आमचे हसले. म्हणाले, पुस्तकं वाचून बायका बिघडतात. मला तेव्हाच कळलं. ताई, तुम्ही का घेतलंत अंगावर?"

 तिथे बसून मोठमोठ्या गोष्टी बोलण्याचा बाईंचा स्वभावही नव्हता आणि त्राणही नव्हतं. नंबर टाकून त्यांनी तिला आत सोडलं आणि आपल्या खुर्चीत जाऊन बसल्या, पडद्याच्या पाठीकडे. थोड्या वेळाने पेन्सिलीचा आवाज सुरू झाला.

आता खरी गंमत घरी होती. बाई गप्प राहत, आणि त्या जितक्या गप्प राहत तितका नवरा कामाला लागे. तो कुकर लावायला शिकला. मिक्सरचं बिघडलेलं पातं दुरुस्त केलं, आणि बाईंना विश्वास बसेना, पण पंख्यावरची धूळ पुसली. रात्री जेवताना अधूनमधून त्याचा घास हातात थांबे, काहीतरी विचारायचं असे, आणि मग तो पुन्हा खाली बघून जेवायला लागे. एकदा मात्र त्याने विचारलंच, तेही ताटाकडे बघत.

"बरंच वाचायचं राहिलंय का अजून?"

"राहिलंय थोडं," बाई म्हणाल्या.

तो मान डोलावून उठला आणि दोन्ही ताटं घेऊन गेला. बाईंना त्याची दया आली. हा माणूस घाबरलाय, म्हातारपणी एकटं पडायच्या भीतीने रात्री कूस बदलतोय, आणि आपण एका शब्दात त्याला सोडवू शकतो. तो शब्द आपल्याला काढता येत नाही, कारण त्यात दुसरीचा जीव अडकलाय. हे सगळं खरं होतं. पण त्याच्याखाली आणखी एक खरं होतं आणि त्याची बाईंना लाज वाटायची. त्यांना हे सगळं आवडत होतं. आयतं पाणी मिळणं आवडत होतं. घरात शिरताना कोणीतरी आपल्या चेहऱ्याकडे बघतं, दमलीस का म्हणून विचारतं, आणि उत्तराची वाट बघतं, हे फार म्हणजे फारच आवडत होतं. भीतीपोटी का होईना, बघत तर होता.

हे असं किती दिवस चालायचं ते टेलरच्या बायकोवर होतं. बाईंनी तिला कधी विचारलं नाही.

एका दुपारी ती आलीच नाही. दुसऱ्या दुपारीही नाही. बाईंचं लक्ष सारखं दाराकडे जात होतं. त्या संध्याकाळी त्या घरी पोचल्या तर नवरा खुर्चीत बसलेला, चेहरा उतरलेला, चप्पलसुद्धा काढलेली नाही. काय झालं म्हणून विचारायची गरज पडली नाही, तो आपणच सुरू झाला. टेलरची बायको निघून गेली. टेलर आज सकाळी कापड आणायला बाजारात गेला होता आणि दुकानावर नजर ठेवायला नवऱ्याला बसवून गेला होता. तेवढ्यात एक टेम्पो आला. बायको म्हणाली, शिलाई मशीन दुरुस्तीला न्यायचंय, जड आहे, जरा हात लावता का?

"मीच उचललं गं ते मशीन," नवरा म्हणाला. "वर तिला सांगितलं, दुरुस्तीला कशाला नेतेस, मी करून देतो. तेलसुद्धा घातलं जाताना."

बाईंनी तोंडाला पदर लावला. नवऱ्याला वाटलं त्यांना धक्का बसला.

तो पुढे सांगत राहिला. टेलर परत आला आणि त्याने दुकान डोक्यावर घेतलं. दुपारी लगेच वकिलाचा माणूस कागद घेऊन आला. मशीन तिच्या माहेरचं होतं, ते तिचंच ठरतं म्हणे. मनगटाचे दवाखान्यातले कागदही तिने जपून ठेवले होते. सगळं कसं कलमवार, जिथल्या तिथे. शाळा अर्धवट सोडलेली बाई ती, तिला एवढं कुणी सांगितलं, म्हणून टेलर स्वतःचं कपाळ बडवत होता. बोलता बोलता नवऱ्याचा आवाज सावकाश होत गेला आणि तो थांबला.

"ती तुझ्याकडे यायची ना गं? नमुने बघायला?"

"यायची."

"रोज?"

"जवळजवळ रोज."

 बाई कणिक मळायला बसल्या होत्या. त्यांना त्याच्याकडे बघायची गरज नव्हती, पाठमोऱ्या असूनही त्यांना कळलं की त्याला उलगडा झाला. छातीत अडकून राहिलेला मोठा श्वास त्याने हळूहळू बाहेर सोडला. खुर्ची कुरकुरली. चप्पल पायातून निघून एक इकडे आणि एक तिकडे पडली.

"चहा टाक ना जरा," तो म्हणाला.

बाईंनी हात धुतले आणि चहा टाकला. दुसरं काय करणार होत्या? ती सुटली याचा त्यांना खरंच आनंद झाला होता. नवऱ्याच्या मनावरचं ओझं उतरलं याचंही बरं वाटत होतं. त्या रात्री तो गाढ झोपला आणि आधीसारखा दणकून घोरला.

सकाळी बाई डबा भरत होत्या. नवऱ्याने चहा संपवला, कप टेबलावर ठेवला, पेपर उलगडून घरभर पसरला आणि बाथरूममध्ये शिरला. तिथून टॉवेलसाठी हाक मारली. कप टेबलाच्या कडेला होता, तळाशी गाळ, काठावर माशी. बाई त्या कपाकडे बघत उभ्या राहिल्या. त्यांना ओरडावंसं वाटलं नाही, रडावंसंही वाटलं नाही. फार थकल्यासारखं वाटलं, एवढंच. त्यांनी टॉवेल दिला, डबा पिशवीत घातला, चप्पल घातली. कप तिथेच राहू दिला.

वाचनालय उघडलं तेव्हा खिडक्यांवर अजून रांगा लागायच्या होत्या. बाईंनी दिवे लावले, कॉम्प्युटर सुरू केले आणि मग आपल्या खुर्चीत न बसता कोपऱ्यात गेल्या. तिथली खुर्ची त्यांच्या खुर्चीपेक्षा बरी होती, हे त्यांना आजच कळलं. त्यांनी आपल्या कार्डाचा नंबर टाकला. टेलरच्या बायकोने शेवटी जिथे सोडलं होतं तिथेच पुस्तक उघडलं, पण बाईंनी पानं उलटत उलटत ते पहिल्या पानावर नेलं. अक्षरं बारीक होती. आजोबांना करून देतात तशी त्यांनी ती मोठी केली, मग आणखी मोठी केली, आणि वाचायला लागल्या.

थोड्या वेळाने आजोबा आले. आपला पासवर्ड विसरला, म्हणून दारातूनच म्हणाले, बाई, मला आत सोडा जरा.

"थांबा आजोबा," बाई पडद्यावरून नजर न काढता म्हणाल्या. "एवढं पान वाचून होऊ दे."